चुकलेल्या नावाने विकलेला टाइपरायटर

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. माझा रंग काळा होता. आता कडांवरून तो उडाला आहे आणि आतले लोखंड डोकावते. माझे सगळे दात शाबूत आहेत, घंटी अजून वाजते, आणि कोणी नीट दाबले तर मी आजही एक ओळ सरळ लिहू शकतो. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला स्वतःहून काही करता येत नाही. लोक जे करतात ते शेजारी बसून पाहावे लागते. मी जे पाहिले ते तुम्हाला सांगतो.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या कामगारांनी माझी अक्षरे बसवली, त्यांना त्यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते. समोर नमुन्याचा कागद ठेवून, डोळ्याला भिंग लावून ते एकेक अक्षराचा खिळा जुळवत. 'क' म्हणजे त्यांच्यासाठी एक चित्र, 'श' म्हणजे दुसरे. तरी त्यांनी एकही अक्षर उलटे बसवले नाही. माझ्या तुकडीत थोडीच यंत्रे निघाली. आमच्या कळांची मांडणी वेगळी होती. 'ळ'ला स्वतःची कळ होती आणि ती अगदी डावीकडे, करंगळीखाली. पुढे ती मांडणी बंद पडली. मला अर्थात तेव्हा हे काही ठाऊक नव्हते.

मुंबईच्या एका व्यापारी कचेरीत मी काही वर्षे काढली. ती कचेरी बंद झाली तेव्हा टेबलखुर्च्यांबरोबर मलाही विकले. ज्यांनी घेतले त्यांचे नाव जीवनराव. ते चांदवडचे. तहसील कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या एका शेडमध्ये चार टेबले असत, त्यातले तिसरे त्यांचे. शेजारच्या टेबलावर मंगलाबाई स्टॅम्पपेपर विकत. सकाळी दहाला जीवनराव मला सायकलच्या कॅरियरवरून उतरवत, ब्रशने माझी अक्षरे झाडत, दोन कागदांमध्ये कार्बन घालत आणि समोरच्याला म्हणत, "हं, सांगा."

त्यांच्या पुढ्यात कोण कोण बसून गेले! कोणाच्या बांधाचा वाद, कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कोणाची वारसनोंद. एकदा कुसाबाई नावाची बाई आली. नवरा गेला होता आणि जमिनीला स्वतःचे नाव लावायचे होते. जीवनरावांनी अर्धे पान टाइप केले आणि मध्येच हात थांबवला.

"मावशी, मृत्यूच्या दाखल्यावर कोंडाजी लिवलंय. सातबाऱ्यावर कोंडीबा हाय. कागदावर ही दोन माणसं झाली."

"एकच व्हता ओ माझा नवरा," कुसाबाई घाबरून म्हणाली.

"मला कळतंय. कागदाला कळत नाय. हा अर्ज असाच दिला तर सहा महिने फिरवतील तुम्हाला. आधी दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून आणा, मग या."

"मंग तुमच्या टायपिंगचं किती झालं?"

"झालं कुठं अजून?" असे म्हणत जीवनरावांनी ते अर्धे पान माझ्यातून ओढून काढले आणि चुरगळून टाकले.

असे आठवड्यातून दोनदा तरी होई. कचेरीतले कारकून म्हणत, जीवनरावांचा कागद आला की पुन्हा तपासायला नको. हे ऐकले की त्या दिवशी संध्याकाळी माझी साफसफाई जरा जास्त वेळ चाले. माझे ते चांगले दिवस होते.

मग शेडमध्ये पहिला संगणक आला, मागोमाग दुसरा. जीवनरावांचे हात थरथरू लागले होते. गिऱ्हाईक येऊन त्यांच्याकडे पाही आणि अदबीने पुढच्या टेबलाकडे सरके. तरी ते रोज येत राहिले. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते गेले. मला घरी खाटेखाली ठेवले गेले, वर कांद्याची रिकामी गोणी. माझ्या फितीवरची शाई वाळली. कोळ्याने रुळावर जाळे विणले. घरात त्यांची पत्नी लताबाई आणि धाकटी मुलगी प्रतिभा, दोघीच राहिल्या.

प्रतिभा खळ्यावर कांदे निवडायला जात असे. सकाळी जायची ती उन्हे उतरल्यावर यायची, केसांत कांद्याची साले अडकलेली. पण तिने मराठी टायपिंगची परीक्षा संगणकावर दिली होती आणि चांगल्या गुणांनी पास झाली होती. वडिलांच्या जागी बसायचे हे तिच्या मनाने घेतले होते. त्यासाठी एक जुना संगणक आणि प्रिंटर हवा होता.

एके दिवशी मंगलाबाई घरी आल्या. म्हणाल्या, "प्रतिभा, जीवनभाऊची जागा मी धरून ठेवलीय. तिथं माझी पेटी ठेवते रोज. पण दिवाळीपर्यंत गं. त्यानंतर माझ्या हातात नाय. दोघं जण टपून बसलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभाने मला खाटेखालून ओढले.

"आई, जुन्या वस्तू मोबाइलवर विकतात. शहरातली लोकं लय पैसे देतात म्हणं. बाबांची मशीन टाकू का?"

लताबाईंनी माझ्यावरची गोणी हळूच घडी घालून बाजूला ठेवली. "टाक," त्या म्हणाल्या. "नुसती गंजून तरी काय करणार? ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं."

प्रतिभाने मला पुसले, उंबऱ्यावर उजेडात ठेवले आणि फोटो काढले. मग मोबाइल हातात घेऊन ती बराच वेळ बसली. लिलावाच्या त्या वेबसाइटवर वस्तूचे नाव इंग्रजीत लिहावे लागे. प्रतिभाचे मराठी तिच्या वडिलांसारखे होते, पण इंग्रजीशी तिचे कधी जमले नव्हते. तिने उच्चाराप्रमाणे एकेक अक्षर जुळवले. जे जुळले ते वाचले असते तर 'टिपरेटर मराटी' असे काहीसे झाले असते. आता बघा, टाइपरायटर शोधणारे देशात किती जण असतील! पण ते शोधणार बरोबर नाव लिहून. त्यांच्यापैकी कोणालाही मी दिसणार नव्हतो. भरल्या बाजारात मी होतो, पण पडद्याआड.

लिलाव सात दिवसांचा होता. तीन दिवस कोणी फिरकले नाही. चौथ्या दिवशी निरोप आला. नाशिकच्या कोणा मयुरेशचा. त्याने नीट मराठीत विचारले होते की यंत्र चालू आहे का, आणि डावीकडच्या टोकाच्या कळीचा जवळून फोटो मिळेल का.

प्रतिभाला इतका आनंद झाला की तिने तीन फोटो काढून पाठवले. मग जरा थांबून तिने आणखी एक निरोप लिहिला. लिहिताना ती मोठ्याने उच्चारत होती, म्हणून तो मला शब्दन्‌शब्द आठवतो.

"सर, एक विचारायचं होतं. मी वरती नाव बरोबर लिहिलंय का? कोणीच बघत नाहीये, म्हणून शंका आली."

उत्तर लगेच आले नाही. प्रतिभा खळ्यावर निघाली होती, दारातच थांबली. पाचदहा मिनिटांनी मोबाइल वाजला.

"काय म्हणतोय?" लताबाईंनी विचारले.

प्रतिभाने वाचून दाखवले, "'बरोबर आहे. जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक कमीच असतं.'"

"चला, मग आपलं काय चुकलं नाय," लताबाई म्हणाल्या.

लिलाव संपला तेव्हा एकच बोली होती. अकराशे पन्नास.

लताबाईंचा विश्वासच बसेना. "ह्यांची मशीन अकराशेला?"

"कोणी आलंच नाय, आई. एक तरी आला, भला माणूस होता."

तिने मला जुन्या लुगड्यात गुंडाळले, खोक्यात बसवले, भोवती चिंध्या कोंबल्या. वडिलांचा तो ब्रश सोबत ठेवला आणि एका कागदावर चार ओळी लिहिल्या. मग खोके बंद झाले आणि मला अंधारात फक्त रस्ता जाणवत राहिला.

खोके उघडले ते नाशिकमध्ये, गंगापूर रोडवरच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. मयुरेश चाळिशीच्या आतला, सातपूरच्या एका कंपनीत खरेदी विभागात नोकरीला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला बाळाला उचलावे तसे उचलले. अलगद तेल घातले, नवी फीत आणली, रूळ पुसून लखलखीत केला. त्याच्या दिवाणखान्यात एक मोठी फळी होती. तिच्यावर पितळी दुर्बीण, एक गोल घड्याळ, जुना कॅमेरा, अशा सातआठ वस्तू होत्या. मला त्यांच्यात बसवले.

थोड्याच दिवसांत मला त्याचा छंद समजला. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो बसे आणि मुद्दाम चुकीची नावे लिहून शोध घेई. लोक कॅमेऱ्याचे, घड्याळाचे, दुर्बिणीचे स्पेलिंग कसकसे चुकवतात याची त्याने वहीत यादीच केली होती. चुकलेल्या नावाखाली वस्तू लपून राहते, दुसरे गिऱ्हाईक येत नाही आणि मातीमोलाने हाती लागते. मित्रांसमोर तो हे अभिमानाने सांगे. "मी कोणाला फसवत नाही," तो म्हणे. "किंमत तेच ठरवतात, मी ती देतो. माझ्याकडे डोळे आहेत, एवढंच."

दिवाळी झाली. मयुरेशने माझे फोटो जुनी यंत्रे जमवणाऱ्यांच्या एका गटात टाकले होते. ते पाहून कॉलेज रोडवर राहणारे सुनीलकाका धावत आले. निवृत्त इंजिनिअर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी माझ्यापुढे वाकून करंगळीने डावीकडची कळ दाबली. कागदावर 'ळ' उमटला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो पुन्हा पाहिला.

"वीस वर्षं हा शोधतोय मी," ते म्हणाले. "ही मांडणी पुस्तकात पाहिली होती, हातात कधी आली नव्हती. बेचाळीस हजार देतो, मयुरेश. नाही म्हणू नका."

मयुरेशची पत्नी उत्तरा शेजारच्या खुर्चीत वह्या तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवते. आकडा ऐकून तिने मान वर केली.

"पण तुम्हाला मिळाला कुठे हा?" काकांनी विचारले.

मयुरेशने वेबसाइटचे नाव सांगितले.

"अहो, तिथे तर मी रोज पाहतो! रोज सकाळी, देवाची पूजा व्हावी तसं. मला कसा दिसला नाही?"

"विकणाऱ्याने नाव चुकवलं होतं," मयुरेश हसत म्हणाला.

काकाही हसले. "नशीबवान आहात. चला, रविवारी पैसे घेऊन येतो."

ते गेले. उत्तरा हसली नव्हती. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या खाली ठेवलेला प्रतिभाचा कागद तिने बाहेर काढला. मयुरेशने तो नीट वाचलाही नव्हता. तिने मोठ्याने वाचला.

"'स. न. वि. वि. यंत्रासोबत ब्रश पाठवत आहे. अक्षरांच्या खाचांत शाई साचते, ती दर शनिवारी झाडावी. वेलांटीची कळ जोराने दाबू नये, ती हळवी आहे. हे यंत्र माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे वापरले. आपल्याकडे ते सुखात राहील अशी खात्री वाटते. कळावे, प्रतिभा.'"

तिने कागद खाली ठेवला. "एकही चूक नाही यात. माझ्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांना असं लिहिता येणार नाही. तू तर म्हणालास, विकणाऱ्याने नाव चुकवलं होतं."

"इंग्रजी येत नाही तिला."

"तिने तुझ्याबद्दल काही लिहिलंय का तिथे? गिऱ्हाईक कसं होतं वगैरे लिहितात ना?"

मयुरेशने मोबाइल तिच्या हाती दिला. तिने शोधून वाचले, "'चांगले गिऱ्हाईक. काही विचारले तर नीट सांगतात.'" मग तिने त्याच्याकडे पाहिले. "काय विचारलं होतं तिने तुला?"

उत्तराने बोट वर सरकवत जुने निरोप काढले आणि सगळे वाचले.

"उत्तरा, लिलाव आहे तो. कमी किमतीत घेणं हा काय गुन्हा आहे? मी माझा वेळ घालतो, डोकं घालतो..."

"थांब. ही दुर्बीण, हे घड्याळ, या लोकांनी विचारलं होतं का तुला?"

"नाही. कोणीच विचारत नाही. हिनेच विचारलं."

"मग त्यांचं काय ते मला आत्ता सांगता येत नाही. ते चूक की बरोबर, मला विचार करावा लागेल. पण हिने तुला सरळ विचारलं होतं, मयुरेश. आणि काका इथे, चार किलोमीटरवर, रोज शोधत होते."

ती पुन्हा वह्या तपासायला बसली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने 'बरोबर'मधला 'ब' दाबला आणि हात मागे घेतला.

गुरुवारी त्याने रजा घेतली. मला मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि गाडी आग्रा रोडला लागली. दोन्ही बाजूंना लाल कांद्याची शेते होती. वाटेत तो दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबला. दुसऱ्यांदा मला वाटले की आता परत फिरतो. पण नाही फिरला.

दारात लताबाई होत्या. "कोण पायजे?"

तो मला हातात धरून उभा होता. लताबाईंनी मला ओळखले. "बिघडली का? आम्ही तर चांगली दिली होती ओ," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि प्रतिभा कधी येईल ते विचारले.

प्रतिभा खळ्यावरून जेवायला आली तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. तिने त्याला आत बोलावले, पाणी दिले. मग त्याने सांगितले. अडखळत सांगितले, पण काही लपवले नाही. नाव चुकले होते. ते त्याला पहिल्या क्षणापासून दिसत होते. म्हणूनच तर तो तिथवर पोचला होता. आणि आता एक गृहस्थ बेचाळीस हजार द्यायला तयार होते.

लताबाईंना सगळे उमगले नाही, आकडा तेवढा उमगला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

प्रतिभा भिंतीला टेकून उभी होती. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"मग मी खोटं सांगितलं."

ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर त्याला सोपे गेले असते, असे मला वाटते. ती म्हणाली, "मंगलामावशीनं बाबांची जागा धरली होती माझ्यासाठी, दिवाळीपर्यंत. भाऊबीजेच्या दिवशी तिथं दुसऱ्याचं टेबल लागलं. मी बघून आले."

"मला हे माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं कुठं?"

चुलीवरचे कालवण आतल्या आत खदखदत होते. प्रतिभाने जाऊन ते उतरवले, हात पुसले आणि कपाटातून एक वही आणि पेन आणून त्याच्या पुढ्यात ठेवले.

"नीट स्पेलिंग लिहून द्या," ती म्हणाली. "मला पुढं लागंल."

मयुरेशने लिहिले. मोठ्या, सुट्या अक्षरांत. ती वाकून एकेक अक्षर बोट ठेवून वाचत गेली. मध्येच थांबली.

"हे डब्ल्यू कशाला मध्ये?"

"ते बोलताना येत नाही. पण लिहितात."

"बोलताना येत नाय, तर मला कळणार कसं होतं?"

याचे उत्तर कुठल्याच शहाण्या माणसाकडे नसावे.

मयुरेश म्हणाला, "यंत्र तुमचं आहे. ठेवायचं असेल तर ठेवा. विकायचं असेल तर त्या काकांचा नंबर देतो, तुम्ही थेट बोला. मी मध्ये येत नाही."

प्रतिभाने आईकडे पाहिले. लताबाई म्हणाल्या, "जागा तर गेली. पण कुठंतरी बसशीलच ना तू? चल, आजच जाऊ. मी पण येते. ह्यांची मशीन हाय, कोणाच्या घरी जाती ते बघू तरी."

अशी ती तिघे नाशिकला निघाली. मी मागच्या सीटवर मायलेकींच्या मधोमध होतो. लताबाईंचा हात सगळा रस्ता माझ्या रुळावर होता. ओझरजवळ मयुरेशने चहाला थांबू का म्हणून विचारले. प्रतिभा म्हणाली, "नको."

सुनीलकाकांनी दार उघडले आणि चकित झाले. "अहो, रविवारचं ठरलं होतं ना आपलं?"

मयुरेश उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "काका, हा टाइपरायटर माझा नाही. यांचा आहे. यांनी मला विचारलं होतं की नाव बरोबर लिहिलंय का. मी हो म्हणालो, म्हणजे तुमच्यासारखं कोणी येऊ नये. तुम्हाला तो दिसला नाही याचं कारण मी आहे. व्यवहार तुम्ही यांच्याशी करा."

काकांच्या चेहऱ्यावरचे हसू विरले. त्यांनी मयुरेशकडे असे पाहिले की मला तिथून उठून जावेसे वाटले. मग ते प्रतिभाकडे वळले. "या ताई, आत या. आई, तुम्ही इथे बसा, पंख्याखाली."

प्रतिभाने मला टेबलावर ठेवले, कागद मागून घेतला आणि टाइप करायला लागली. संगणकावर शिकलेली पोर, पण लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून तिने माझ्या कळा दाबल्या होत्या. सुरुवातीला अडली, मग हात बसला. 'जीवनराव, टंकलेखक, तहसील कचेरीसमोर, चांदवड.' ओळ संपली आणि माझी घंटी वाजली. लताबाईंनी डोळे मिटून घेतले.

"यांना तुम्ही बेचाळीस सांगितले," प्रतिभा म्हणाली. "तेव्हा मशीन कोणी चालवली ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. पंचेचाळीस द्या."

काकांनी टेबलावरचा कागद उचलून ती ओळ पुन्हा वाचली. "दिले," ते म्हणाले.

निघताना तिने पिशवीतून अकराशे पन्नास रुपये काढून मयुरेशपुढे धरले. त्याने ते घेतले. न घेण्याचा मोठेपणा त्या दिवशी त्याला शोभला नसता, आणि हे त्याला समजत होते.

तेव्हापासून मी काकांच्या घरी आहे. पुढच्या खोलीत त्यांची सगळी यंत्रे मांडलेली आहेत आणि शनिवारी शाळेतली मुले ती पाहायला येतात. उन्हाळ्यात प्रतिभा आणि लताबाई येऊन गेल्या. प्रतिभाने जुना संगणक आणि प्रिंटर घेतला आहे. टेबल मात्र रस्त्याच्या पलीकडे लावावे लागले. तिथे दुपारी ऊन येते, छत्री बांधावी लागते. लोक आधी शेडमध्येच शिरतात, तिथे गर्दी असली तरच रस्ता ओलांडतात. "हळूहळू येतात," ती काकांना म्हणाली. वडिलांची जागा तिला मिळाली नाही ती नाहीच. पंचेचाळीस हजारांत ती परत घेता आली नाही.

मयुरेशही एकदा उत्तरासोबत आला होता. त्याची ती फळी आता निम्मी रिकामी आहे, असे उत्तरा म्हणाली. तो अजून चुकलेली नावे शोधतो, पण सापडले की आधी विकणाऱ्याला कळवतो. "बहुतेक वेळा वस्तू हातची जाते," तो म्हणाला.

"आणि आधी घेतलेल्या?" काकांनी विचारले.

"दोघांचा पत्ता लागला. बाकीच्यांचा नाही लागला."

मित्रांनो, शनिवारी तुम्ही आलात तर माझ्या कळा खुशाल दाबा. फक्त वेलांटीची जरा हळू दाबा. खाचांतली शाई झाडायला काका तुम्हाला ब्रश देतील. आम्हा जुन्या यंत्रांना एवढी निगा पुरते. माणसांची निगा राखणे त्याहून कठीण आहे, हे मी पाहिले आहे. उद्या तुमच्यापुढे कोणीतरी आपला कागद धरील, वही धरील, मोबाइल धरील आणि विचारील, "बघा ना, माझे बरोबर आहे का?" त्याचे चुकलेले असेल आणि ते चुकलेलेच राहण्यात तुमचा फायदा असेल. विचारणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नसते. तो दारात चप्पल घालून, तुमच्या उत्तरासाठी खोळंबलेला असतो. त्याला खरे ते सांगा.